तेवीस नंबरची डावी किडनी

झिबलभाऊ दारात उभे होते. हातात पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा होता आणि त्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा तेवीस नंबर सापडला."

मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. माझे गाईड डॉ. पिंपळखुटे हैदराबादच्या परिषदेतल्या भाषणाची तालीम संपवून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोण तेवीस नंबर?"

"उंदीर, साहेब."

"तो मेला ना पाच महिन्यांपूर्वी?"

"हो, साहेब. पण हा पाहा."

त्यांनी झाकण उघडलं. आत एक पांढरा उंदीर होता, चांगला गुबगुबीत. तो अर्धा शेंगदाणा दोन्ही हातांत धरून खात होता. डाव्या कानाला दोन खाचा, उजव्या कानाला तीन, म्हणजे तेवीस. कुशीवर भरून आलेल्या टाक्यांची रेघ. त्या खाचा मी स्वतः कातरल्या होत्या. 

"आस्थापना विभागात राहे हा," झिबलभाऊ सांगत होते. "कपाटामागं. हा दिसला त्याच आठवड्यात तिथल्या दोन बाबूंचं प्रमोशन झालं, तर त्यांनी ह्याले हाकललंच नाही. रोज शेंगदाणे देत. आज कपाट हलवलं तवा मले बलावलं."

झिबलभाऊ आमच्या प्राणीघराचे परिचर. पिंजरे, पाणी, खुराक सगळं त्यांच्याकडे. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. तीन वर्षं मी त्यांच्यासोबत काम करत होते.

हे दोन हजार सहा सालचं. विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी पीएच.डी. करत होते. माझा विषय असा, की किडनीला इजा झाल्यावर त्या जागी काय होतं. उंदराला भूल द्यायची, डाव्या किडनीची रक्तवाहिनी अर्धा तास चिमट्यानं बंद ठेवायची आणि सोडायची. रक्त थांबलं की बऱ्याच पेशी मरतात. उरलेल्या पेशी ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन सोडतात. वाढा, नव्या पेशी तयार करा, पडलेली भगदाडं बुजवा, असा तो निरोप असतो. काही दिवस तो हवाच. वेळेवर थांबला तर किडनी सावरते. थांबलाच नाही तर नुसता व्रण वाढत जातो आणि चांगला भागही खातो. अठ्ठाविसाव्या दिवशी हा निरोप थांबलेला असतो का, तेवढं मला मोजायचं होतं. त्यासाठी त्या दिवशी डावी किडनी काढून घ्यायची आणि उंदराला उजवीवर आणखी दोन महिने सांभाळायचं.

चोवीस उंदीर होते, आठ-आठचे तीन गट. सव्विसाव्या दिवशी, रविवारी, तेवीस नंबरचा पिंजरा रिकामा दिसला. कडी मीच नीट लावली नव्हती. तीन तास मी टॉर्च घेऊन गटारापर्यंत शोधलं. सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "अठ्ठाविसाव्या दिवशी गटात आठ म्हणजे आठ. सात झाले तर पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा पहिल्यापासून म्हणजे आणखी एक वर्ष.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी बाकीच्या सातांची सरासरी काढली, शेवटचा आकडा थोडा हलवला आणि तेवीस नंबरपुढं लिहिला. डावी किडनी, वजन एक पूर्णांक बारा ग्रॅम. तीन दिवसांनी पुढच्या रकान्यात 'मृत' लिहिलं. फ्रीजरमध्ये 'तेवीस' असं लेबल लावून एक रिकामी नळी ठेवली. झिबलभाऊंना सांगितलं, ऑपरेशननंतर दगावला.

आणि नेमकं तेच रीडिंग सरांना सगळ्यात आवडलं. भाषणात ते पडद्यावर काठी टेकवून म्हणायचे, "हा पाहा तेवीस नंबर. कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. उंदीर असावा तर असा."

आता तोच उंदीर डब्यातून त्यांच्याकडं बघत होता.

सरांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मेलाच नव्हता! रेवती, तो ऑपरेशननंतरच्या ग्लानीत पडला होता आणि तू मेला म्हणून लिहिलंस. बाहेर टाकल्यावर शुद्धीवर आला असेल. होतं असं. रीडिंगला काही धक्का नाही. डावी किडनी तर आपण घेतलेलीच आहे."

"हो, सर," मी म्हटलं.

तेव्हा एवढ्यावर मिटलं असतं. पण झिबलभाऊ हलले नाहीत.

"साहेब, ह्याले खुराक कुठून देऊ? रजिस्टरात हा मेलेला हाय. मेलेल्याच्या नावावर खुराक निघत नाई."

सरांनी तिथल्या तिथं अर्ज लिहिला. 'उंदीर क्रमांक तेवीस यास जिवंत घोषित करणेबाबत.' तो प्राणी समितीकडं गेला आणि समितीनं तो चक्क बैठकीत घेतला.

समितीत अध्यक्षस्थानी डीन साहेब, आणि औषधशास्त्राच्या प्रमुख डॉ. तुमसरे. बाकीचे दोघे सही करून निघून गेले. टेबलावर मधोमध पिंजरा. झिबलभाऊ भिंतीला टेकून उभे.

"हा तोच कशावरून?" डीन साहेबांनी विचारलं.

"कानाच्या खाचा," सर म्हणाले.

"खाचा कुणीही पाडेल. मागं एका शिपायाच्या जागेवर त्याचा भाऊ चार वर्षं नोकरी करत होता."

"उंदराला नोकरी नाही, सर."

"खुराक आहे ना!"

डॉ. तुमसरे शांतपणे रजिस्टर वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला. "सोपं आहे. नोंदीप्रमाणे तेवीस नंबरची डावी किडनी काढलेली आहे. सोनोग्राफी करा. एक किडनी दिसली तर हा तेवीस. दोन दिसल्या तर हा दुसरा कुणीतरी."

 दोन दिसणार, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

सोनोग्राफी कक्षाच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा मोठा फलक होता. आदल्याच महिन्यात तिथं तपासणी पथक येऊन गेलं होतं आणि कुठल्याशा फॉर्मवर सही राहिली म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉ. लांजेवारांना दिवसभर उभं केलं होतं. तेव्हापासून ते फॉर्मशिवाय मशीनला हात लावत नसत.

"नाव?" त्यांनी पेन उघडलं.

"तेवीस," मी म्हटलं.

"वय?"

"अकरा महिने."

"पतीचं नाव?"

"डॉक्टर, तो नर आहे."

"ते मशीनला कळतं, मॅडम. पथकाला नाही कळत. रकाना रिकामा ठेवून मी नोकरी घालवू का?" त्यांनी 'लागू नाही' लिहिलं. "अपत्यं किती?"

झिबलभाऊ म्हणाले, "आस्थापनेत एकटाच होता, साहेब. शून्य लिवा."

शेवटी घोषणापत्र होतं. गर्भाचं लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही, असं. त्याखाली सही किंवा अंगठा. डॉ. लांजेवारांनी शाईचा पॅड पुढं सरकवला. झिबलभाऊंनी उंदराला अलगद उचललं, त्याचा पुढचा पाय पॅडवर टेकवला आणि मग कागदावर. चार बोटांचा एवढासा ठसा उमटला. "साक्षीदार," म्हणून त्याखाली मी सही केली. त्या काळात माझी सही कशावरही होत होती.

पडद्यावर दोन किडन्या दिसल्या.

"दोन्ही आहेत," डॉ. लांजेवार म्हणाले. "डावी जरा लहान आहे. आणि तिच्यावर जुना व्रण दिसतो."

म्हणजे झालं, मला वाटलं. दोन किडन्या, दुसराच उंदीर, विषय संपला. पण दुपारी समिती पुन्हा बसली आणि डॉ. तुमसरेंनी रजिस्टर मध्यभागी सरकवलं.

"डाव्या किडनीवर असा व्रण फक्त तुमच्या चोवीस उंदरांत असणार. बाकी तेवीसांचा हिशोब लागतो. ते सगळे तुमच्या डोळ्यांसमोर गेले. म्हणजे हा तेवीस नंबरच आहे. आणि त्याची काढलेली किडनी त्याच्या पोटात आहे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे कसं?"

 मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी डॉ. पिंपळखुटे उभे राहिले. 

"उगवली," ते म्हणाले.

"काय?"

"उगवली! ग्रोथ फॅक्टर, मॅडम! इजेमुळं तो इतका वाढला, की किडनी नव्यानं तयार झाली. म्हणूनच याचं रीडिंग इतकं सुंदर होतं. मी पहिल्यापासून म्हणत होतो!"

"आणि व्रण? नवी किडनी व्रणासकट उगवली?"

सरांनी उंदराकडं पाहिलं. "स्मृती," ते म्हणाले. "पेशींची स्मृती."

डॉ. तुमसरे हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत, पण डीन साहेब खुर्चीतून पुढं झुकले होते. "म्हणजे हे जगात पहिल्यांदा? आपल्या कॉलेजात?" त्यांनी उंदराकडं पाहिलं ते एकदम आदरानं. "गुरुवारी पत्रपरिषद घेऊ."

"आधी पुन्हा तपासा," डॉ. तुमसरे म्हणाल्या.

"तपासू की. आधी जाहीर करू, मग तपासू."

संध्याकाळी मी सरांच्या खोलीत गेले. "सर, मला तेवीस नंबरबद्दल सांगायचंय."

"आता विनय नको," सर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "तीस वर्षं मी उंदीर कापतोय, रेवती. तीस वर्षांत मला कुणी आपल्या सभागृहात बोलावलं नाही. पेपरवर तुझं नाव माझ्याबरोबर येईल. जा, झोप नीट."

मी गप्प बसले. त्यांना भरून आलं होतं म्हणून गप्प बसले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे नाव येणार, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी सभागृहात फलक लागला : 'काढलेले मूत्रपिंड पुन्हा उगवले.' तेवीस नंबरच्या पिंजऱ्याला झेंडूचा हार घातला होता आणि तो आतून एकेक पाकळी ओढून खात होता. आस्थापनेतले बाबू पहिल्या रांगेत बसले होते. उंदीर आधी आम्ही ओळखला, असं ते येईल त्याला सांगत होते. सरांसाठी शाल, श्रीफळ. मी नवी साडी नेसले होते.

सुरू व्हायला दहा मिनिटं होती. बाहेरच्या व्हरांड्यात झिबलभाऊ भेटले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढं केला. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"घ्या, मॅडम. तुमचे लई उपकार झाले."

"माझे कसले?"

"माही बायको, बेबी. दीड वर्ष झालं, डायलिसिसवर हाय. आठवड्यातून दोनदा. इथंच, तळमजल्यावर."

मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी देणार होतो किडनी," ते म्हणाले. "रक्त जुळलं, सगळं जुळलं. येत्या मंगळवारी नागपुरात ऑपरेशन होतं. पण मले भेव वाटे, मॅडम. खोटं कायले बोलू? रोज तुमचे उंदीर पाहो. टेबलावर जाताना कसे पाय झाडत, ते पाहो. अन् घरी जाऊन बेबीले म्हणो, मी हाय न, भेऊ नको." त्यांनी पुडा दुसऱ्या हातात घेतला. "मंग हे समजलं. म्हटलं, आता किडनी आपोआप उगवते, तर कायची कापाकापी? साहेब औषध काढतीन, सहा महिने लागतीन, वर्ष लागन. काल नागपूरले फोन करून नाई म्हणून टाकलं. तारीख दुसऱ्याले दिली त्याइनं."

आतून माईक तपासल्याचा आवाज आला. हॅलो, हॅलो.

"झिबलभाऊ," मी म्हटलं, "किडनी उगवत नाही."

"आं?"

"थोडी इजा झाली तर ती स्वतःला सावरते. पण काढली की गेली. नवी येत नाही. उंदराला नाही, माणसाला नाही."

"पण तेवीस नंबर..."

"त्याची काढलीच नव्हती. तो पळून गेला होता. मी खोटं लिहिलं."

 त्यांचं हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं.

"तुम्ही रजिस्टरात लिवलं होतं."

"हो."

"वजनही लिवलं होतं."

"हो."

त्यांनी पेढ्यांचा पुडा व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला, खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर नागपूरच्या दवाखान्याचा नंबर होता. फोन मी करते, म्हणून मी ती घ्यायला गेले. त्यांनी हात मागं घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "माहा मीच करतो फोन." आणि ते जिन्याकडं गेले.

मी प्रयोगशाळेत गेले, फ्रीजर उघडला, 'तेवीस' लेबलची नळी घेतली आणि सभागृहात शिरले. सर बोलत होते. मी मंचावर चढून त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि माईकमध्ये म्हटलं, "हे खरं नाही. तेवीस नंबरची किडनी मी काढलेली नव्हती. आकडा मी बनवला होता."

 मग डीन साहेब हसत उठले. "पाहा, किती साधी मुलगी आहे! श्रेय घ्यायलाही लाजते." बाबूंनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. एका वार्ताहरानं विचारलं, "मॅडम, उंदीर शाकाहारी आहे का?"

मी नळी वर धरली. "ही तेवीस नंबरची डावी किडनी." झाकण उघडलं आणि टेबलाच्या पांढऱ्या कापडावर नळी उलटी केली. काहीच पडलं नाही. मी ती पुन्हा झटकली. तरी काही नाही.

"वाळली असेल," डीन साहेब म्हणाले.

मागच्या रांगेतून डॉ. तुमसरे उठल्या, मंचावर आल्या, माझ्या हातातून नळी घेऊन उजेडात धरली. मग माईकपाशी वाकून त्या एवढंच म्हणाल्या, "चहा बाहेर ठेवला आहे."

सर शाल पांघरून तसेच बसून होते. मी त्यांना काही बोलायला गेले, तर ते म्हणाले, "जा आता." पुढं अकरा वर्षं ते जगले. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

माझी नोंदणी रद्द झाली. समितीनं ठराव केला, की सदर उंदीर मृत असल्याची नोंद कायम ठेवावी, कारण त्याला जिवंत करायचं तर नोंद खोटी असल्याचं कागदावर आणावं लागलं असतं. खुराक मंजूर झाला नाही. आस्थापनेतले बाबू त्याला परत घेऊन गेले. मी वरोऱ्याच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले, अजून तिथंच आहे.

नागपूरची तारीख परत मिळायला नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत बेबीबाईंच्या फुप्फुसात दोनदा पाणी भरलं, एकदा तर वाचतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते नऊ आठवडे मी माझ्या नावावर धरते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी नागपूरला गेले. बोलावलं नव्हतं कुणी. झिबलभाऊ दवाखान्याच्या निळ्या झग्यात कॉटवर बसले होते. मांडीवर संमतिपत्र, अजून कोरं. मला पाहून त्यांनी मान हलवली. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी स्टूलवर बसले.

 ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथले डॉक्टर सांगतात, उरलेली एक किडनी मोठी होते. दोघीचं काम एकटी करते म्हणे. हे खरं हाय का?"

"खरं आहे."

"तुमाले काय माहीत?"

"मोजलंय. डावी काढल्यावर दोन महिन्यांनी उजवीचं वजन केलं होतं."

"किती उंदरांचं?"

"एकोणीस."

"चोवीस होते."

"चार मधेच मेले. आणि एकाचं मी मोजलंच नव्हतं."

ते माझ्याकडं वळले. "एकोणीसच्या एकोणीस वाढल्या?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, आणि सही व्हायला तेवढं पुरलं असतं.

"अठरा," मी म्हटलं. "एकाची नाही वाढली. का, ते मला कळलं नाही."

"एकाची नाई वाढली," ते स्वतःशी म्हणाले.

"नाही."

शेजारच्या कॉटवरचा माणूस खोकला. झिबलभाऊंनी संमतिपत्र गुडघ्यावर सरळ केलं, त्याची एक दुमडलेली कड बोटानं दाबली.

"मंग खरं असन," ते म्हणाले, आणि माझ्याकडं पेन मागितलं.